फासळ्यांतून पाहिलेला सूर्य

यंदा दिव्यांच्या अवसेला जे सूर्यग्रहण बघायला मी वरळीच्या समुद्रावर गेलो, ते स्पेनमध्ये होतं.

एवढंच असतं तर झाकून नेलं असतं. पण मी साडेपाचपासून सात वाजेपर्यंत सी फेसच्या कठड्यापाशी उभा होतो, पुठ्ठ्याचा काळा चष्मा लावून. आभाळ इतकं भरून आलेलं की सूर्य कुठे आहे हेच कळत नव्हतं. त्यामुळे ग्रहण लागलेलं नाही, ही गोष्ट माझ्या लक्षात यायचं काही कारणच नव्हतं. उलट मला वाटत होतं, चांगलंच अंधारलंय की!

दोष म्हणाल तर आमच्या निवृत्त मंडळींच्या ग्रुपचा. तिथे मेसेज आला होता की सूर्यास्ताच्या सुमाराला किनारपट्टीवरून ग्रहणाचं विलोभनीय दर्शन घडेल. किनारपट्टी म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे वरळी ते गिरगाव एवढीच येते. ती कुठल्या देशाची, हे खाली लिहिलेलं होतं म्हणे. ज्याने मेसेज टाकला त्याने नंतर फोन करून ती ओळ मला वाचून दाखवली. दोनदा.

शेजारी एक कॉलेजातली मुलगी कणीस खात उभी होती. बराच वेळ तिने माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं, मग राहवलं नाही.

"काका, काय बघताय?"

"ग्रहण."

तिने एका हाताने फोन काढला, अंगठ्याने काहीतरी शोधलं आणि फार हळुवारपणे, डॉक्टर रिपोर्ट सांगतात तसं म्हणाली, "काका, ते स्पेनला आहे. आणि आपल्या टाइमने रात्री अकरानंतर."

भुट्टेवाल्याने मान वर केली. "क्या हुआ?"

"काका ग्रहण देखने आए हैं. स्पेनवाला."

त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. निखाऱ्यावर पंखा हलवत म्हणाला, "बहुत दूर है, साहब. थोडा बैठ जाओ."

मी बसलो. चष्मा काढून खिशात ठेवायला गेलो तर खिशातून दुसरा बाहेर आला, प्लॅस्टिकच्या पिशवीतला, न उघडलेला. मुलीच्या नजरेतून तो सुटला नाही.

"हा कोणासाठी?"

"एक मैत्रीण आहे."

"येणार होती?"

"तिला अजून सांगायचंय."

"ओह." तिचा चेहरा एकदम उजळला. "ऑल द बेस्ट, काका."

मी तिचा गैरसमज दूर केला नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी लोकांचे असे गैरसमज वाट्याला येतात कुठे? पण मला जे सांगायचं होतं ते तसलं नव्हतं. मला सुजाताला सांगायचं होतं की तिचा उजवा डोळा तिच्या वडिलांच्या हट्टापायी अधू झाला नाही, माझ्यामुळे झाला. सेहेचाळीस वर्षं हे वाक्य मी तोंडात धरून होतो. त्यासाठी मला एक ग्रहण हवं होतं. म्हणजे दोघं शेजारी उभे असू, दोघांच्या डोळ्यांवर काळे चष्मे असतील, एकमेकांचे चेहरे दिसणार नाहीत, आणि मी बोलून मोकळा होईन. असा माझा बेत. त्याला बिचारा सूर्यही तयार झाला नाही.

सी फेसपासून बीडीडी चाळींकडे चालत जायला वीस मिनिटं पुरतात. पाऊस भुरभुरत होता. मी सुजाताकडे निघालो, पण थेट गेलो नाही. जुन्या सवयीने आमच्या चाळीच्या बाजूने वळलो आणि पत्र्याच्या कुंपणापाशी येऊन थांबलो. आमची चाळ जिथे होती तिथे आता मोठा खड्डा आहे. खड्ड्यात पाणी, पाण्यात क्रेनचा पिवळा दिवा. दुसऱ्या मजल्यावरचा तो लांबलचक पॅसेज, ज्याच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या होत्या आणि ज्यात भर दुपारीही बल्ब लावावा लागे, तो साधारण त्या क्रेनच्या गळ्याएवढ्या उंचीवर असणार, असा मी हिशेब केला. हवेत बोट दाखवून सांगावं की आमचं घर तिथे होतं, अशी ती जागा. सांगायला कोणी सोबत नव्हतं, म्हणून नुसतंच बघितलं.

त्या पॅसेजला स्वतःचा वास होता. रॉकेल, ओली फरशी, सुके बोंबील, आणि पाळीवरून आलेल्या माणसांच्या केसांत अडकलेला कापूस. कापसाला वास नसतो असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी आमच्या बाबांचा टॉवेल हुंगलेला नाही. माणसं चालायची तर चपलांचा आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात राहायचा, आणि आवाजावरून कोण आलं ते ओळखायचं. जाधवकाकांचा आवाज नसायचा. ते गिरणीत फिटर होते, रबरी तळाचे बूट घालायचे. ते आलेले कळायचे ते एकदम दारात उभे राहून "काय शास्त्रज्ञ?" म्हणाले की.

शास्त्रज्ञ म्हणजे मी. हा किताब मला कशावरून मिळाला ते आठवत नाही. गुणांवरून नक्कीच नाही.

जाधवकाका म्हणजे सुजाताचे वडील. आमच्यापासून सहा दारं पलीकडे त्यांची खोली. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली फळीवर पुस्तकं, आणि फळीच्या कोपऱ्यात गिरणीतून आणलेल्या निकामी वस्तूंचा खजिना: बेअरिंगच्या गोळ्या, एक लोहचुंबक, तुटका काटकोन. रविवारी सकाळी ते दार सताड उघडं टाकून बसत. येईल त्या पोराला काही ना काही दाखवत. दारात चपला साचत. आमची आई मला जाऊ द्यायची, पण "थंय पाणी पी हां, पण जेवा नको" असं दबक्या आवाजात बजावून. मी रोज जेवून यायचो. जाधवकाकूंच्या हातची चटणी खाऊन घरी आलं की आईसमोर तोंड मिटून बसायचं, एवढंच पथ्य.

मग त्या फेब्रुवारीत ते ग्रहण आलं.

मी बारा वर्षांचा होतो, सुजाता दहाची. शनिवार होता, दुपारचं ग्रहण. आठवडाभर आधीपासून चाळीत कुजबुज. सूर्य जवळजवळ सगळा झाकणार, म्हणे. गरोदर बायांनी हलायचं नाही, विळीला हात लावायचा नाही, पिण्याच्या पाण्यावर तुळशीपत्र. आईने लोणच्याच्या बरणीवर, पिठाच्या डब्यावर, तुपाच्या वाटीवर दर्भाच्या काड्या ठेवल्या. एक काडी बाबांच्या खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरही ठेवली. पॅसेजच्या टोकाच्या खोलीत टीव्ही होता. लोकांनी घराबाहेर पडू नये म्हणून भर दुपारी सिनेमा ठेवला होता, त्यामुळे अख्खा मजला तिथे कोंबलेला.

आणि आदल्या रविवारी जाधवकाकांनी आम्हाला रॉकेलची चिमणी पेटवून दाखवली. चिमणी म्हणजे सूर्य. पेरू म्हणजे पृथ्वी, बोर म्हणजे चंद्र. बोर चिमणीच्या आणि पेरूच्या मधे धरलं. पेरूवर एवढासा काळा ठिपका पडला.

"हे ग्रहण," काका म्हणाले. "सावली. सावलीला घाबरून कोणी उपाशी बसतं का?"

"आमच्या घरात बसतात," मी म्हणालो.

"मग तू सांग की घरी."

"तुम्ही सांगा. मला आई मारेल."

काका हसले. मग पृथ्वी चिरून आम्हाला तिखट-मीठ लावून खायला दिली. चंद्र सुजाताने खाल्ला आणि बी माझ्या अंगावर थुंकली.

ग्रहणाच्या दिवशी काकांनी मुद्दाम, वेळ साधून, स्टोव्हवर सुकट टाकली. मला तो वास अजून येतो. सगळ्या मजल्यावर चुली थंड, दारं बंद, टीव्हीवरची गाणी भिंतीतून झिरपतायत, आणि त्या अर्धवट अंधारातून सुकटीचा खमंग, निर्लज्ज वास एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला. रिकाम्या पोटांवरून तो गेला तसे दारांआडून उसासे ऐकू आले. कोणीतरी बाई म्हणाली, "ह्यांना देवाची भीती नाही ती नाही, शेजाऱ्याच्या पोटाचीही दया नाही."

मी घरातून निसटलो ते संडासला जातो म्हणून. ग्रहणात तेही वर्ज्य होतं, पण त्याला आईकडे इलाज नव्हता. "बेगीन ये," एवढंच म्हणाली. मी गच्चीवर गेलो.

गच्चीवर काका होते आणि सुजाता. काकांनी रुमाल उलगडला. आत काळी काच होती, वेल्डरच्या मुखवट्यातली, तळहाताएवढी. ती डोळ्यांपुढे धरली की सगळी मुंबई विझायची आणि काळोखात एक हिरवट गोळा उरायचा. त्याचा एका बाजूने घास घेतलेला.

काकांची दुपारपाळी होती. ग्रहण भरात यायच्या आधीच त्यांना निघायला लागणार होतं. त्यांनी काच माझ्या हातात दिली. माझ्या, सुजाताच्या नाही. "तू मोठा आहेस. दहा आकडे तू, दहा आकडे ती. काचेशिवाय वर बघायचं नाही, काय वाटेल ते झालं तरी. कळलं का, शास्त्रज्ञ?"

"कळलं."

जिना उतरताना त्यांचे बूट वाजले नाहीत. ते गेले हे मला कळलं ते सुजाता कठड्यावरून वाकून खाली हात हलवायला लागली तेव्हा.

पहिल्या दोन-तीन वेळा मी प्रामाणिकपणे दहा मोजले. मग तिचे दहा लवकर संपायला लागले आणि माझे लांबायला लागले. तिला शंका आली. "मोज ना रे मोठ्याने." "मोजतोय." "आठ किती वेळा?" आणि तेवढ्यात ऊन बदलायला लागलं. त्या उन्हाचं वर्णन मला आजवर जमलेलं नाही. ऊन होतं, पण ऊब गेली होती. कठड्याची सावली सुरीने कापल्यासारखी रेखीव झाली. कावळे घाईघाईने पिंपळाकडे परतले. समुद्राकडून गार वारा आला. जिन्याच्या जाळीतून खाली भिंतीवर रोज उन्हाचे गोल कवडसे पडत, त्यांच्या आज चंद्रकोरी झाल्या होत्या. शेकडो कोरी, भिंतभर, थरथरणाऱ्या. मी काच सोडायला तयार नव्हतो. सूर्याची बारीक नखाएवढी कड उरली होती, आणि ती माझी होती.

"माझी पाळी," सुजाता म्हणाली. "दे. दे ना रे!"

मी खाली पळालो, आमच्या खोलीत शिरलो. आई टीव्हीच्या खोलीत होती. गादीखालून बाबांच्या छातीचा एक्स-रे ओढून काढला आणि पळत वर आलो. "हे घे. ही मोठ्या हॉस्पिटलची फिल्म आहे. काचेपेक्षा भारी. फासळ्यांच्या मधे काळं आहे ना, तिथून बघ."

तिने विश्वास ठेवला. डावा डोळा मिटला, एक्स-रे दोन्ही हातांनी वर धरला आणि आमच्या बाबांच्या फासळ्यांतून सूर्याकडे बघत राहिली.

"मोज," ती म्हणाली.

मी मोजलं. हळू मोजलं. कारण तिचं संपलं की ती काच मागणार होती. पाच आणि सहाच्या मधे मी काय काय बघितलं! एकदा वाटलं, ही खूपच वेळ बघतेय. वाटलं आणि मी सात म्हणालो.

मग सगळं सुटलं. खाली रस्त्यावर ओरडा सुरू झाला, "दे दान, सुटे गिराण!" बायका सुपातून धान्य घेऊन खाली उतरल्या. नळाला पाणी आलं. बादल्या, आंघोळी, पॅसेजभर फरशी धुतल्याचा आवाज. मी इतका वेळ संडासात होतो म्हटल्यावर आईने माझं पोट बिघडलं असं समजून मला मूठभर ओवा खायला घातला. तेवढीच काय ती शिक्षा मला झाली.

सोमवारी शाळेत सुजाताला फळ्यावरच्या शब्दाचं मधलं अक्षर दिसेना. उजव्या डोळ्याने बघितलं की जिथे बघेल तिथेच एक ठिपका. आई बघावी तर आईच्या नाकाच्या जागी ठिपका. हॉस्पिटलच्या फेऱ्या झाल्या. थोडं सुधारलं, बाकीचं राहिलं ते राहिलंच. विचारेल त्याला सुजाता एवढंच सांगायची की काच नीट धरली नाही. आणि चाळीला आयतं सापडलं. "गिराण पाळलं नाही, वर सुकट शिजवली. भोगा आता." नळावर, जिन्यात, जाधवकाकू पुढे गेल्या की मागून. काकांना तोंडावर बोलायची कोणाची हिंमत नव्हती, पण त्यांना ऐकू जाईल अशा बेताने बोलायची होती. काका उलट बोलले नाहीत. आयुष्यभर ज्यांच्याशी वाद घालत आले, त्यांच्यासमोरून मान खाली घालून जायला लागले.

आमच्या आईने माझ्या तोंडावरून हात फिरवला. "बरा झाला, तू थंय नव्हतंस."

इथे मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. त्यातून जे बाहेर आलं ते, "भूक लागली."

पुढे गिरण्यांचा संप झाला, आम्ही गिरगावात मामाच्या खोलीत आलो. मामा गेला, आईबाबा गेले, खोली राहिली, मी राहिलो. एका कचेरीत एकाच टेबलावर तीस-बत्तीस वर्षं काढली. लग्नाचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, तर मी सुरुवातीला मुली नाकारल्या, नंतर मुलींनी वचपा काढला. ह्या सगळ्यात सूर्य आपला अधूनमधून ग्रासत राहिला आणि दर वेळी मी ठरवत राहिलो की यंदा सुजाताला सांगायचं.

एकदा ऐन दिवाळीत सकाळी ग्रहण लागलं. फटाक्यांचा धूर आणि उटण्याचा वास, त्यात तो घास घेतलेला सूर्य. मी फोन उचलला, नंबर अर्धा फिरवला, ठेवला. एकदा पावसाळ्यात संध्याकाळी. ढगांमुळे दिसलं नाही, म्हणून फोन करायचा प्रश्न नाही, असं मी स्वतःला पटवलं. टाळेबंदीतलं मात्र चांगलं आठवतं. आमच्या इमारतीच्या गच्चीवर कोणी नव्हतं. खाली ठाकूरद्वारच्या रस्त्यावरही नाही. ढग इतके पातळ झाले की कोर नुसत्या डोळ्यांनी दिसली, पाण्याखालून दिसावी तशी. ती दिसताच मी डोळे गच्च मिटून घेतले आणि बोटं डोळ्यांवर दाबून धरली. पन्नाशी उलटलेला माणूस गच्चीवर एकटा, डोळे झाकून, लपाछपीत राज्य आल्यासारखा. त्यानंतरचं दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीचं. गिरगाव चौपाटीवर हजार माणसं होती. कुरतडलेला सूर्य तसाच, कुरतडलेलाच, समुद्रात गेला. सुटलेला कोणी पाहिला नाही. गर्दी टाळ्या वाजवत पांगली. मी बराच वेळ वाळूत बसलो होतो.

आणि मधे एकदा जाधवकाका गेले. मी भेटायला गेलो होतो. मेणबत्त्या, पांढरी फुलं, सतरंजीवर शांत बसलेली माणसं. सुजाता दारात आली. म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन झाली होती. डावा डोळा सूक्ष्मदर्शकाला, उजवा मिटलेला, असं तिचं आयुष्य गेलं. मी तिचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "फार मोठा माणूस." ती "हं" म्हणाली. बाहेर आलो. ज्याला सांगायचं तो माणूस आता ऐकणार नव्हता. तेव्हा उरलं होतं एकच माणूस.

नव्या टॉवरच्या लिफ्टमध्ये मटणाचा वास कोंडला होता. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, त्यामुळे सगळ्या मजल्यांवर आजच उरकून घ्यायची घाई. सुजाता एकविसाव्या मजल्यावर राहते. चाळीतल्या खोलीच्या बदल्यात मिळालेलं घर. तिचा मुलगा अजून कामावरून यायचा होता. तिने दार उघडलं, माझे भिजलेले बूट बघितले.

"तू? कळवायचंस तरी. आत ये. बूट तिथेच काढ, लादी नवीन आहे."

खिडकीतून समुद्राची करडी पट्टी दिसत होती. फळीवर बेअरिंगच्या गोळ्या एका वाटीत ठेवलेल्या. मी त्या बघितल्या आणि चहा यायच्याही आधी बोलायला लागलो. काळे चष्मे नव्हते, तिचा चेहरा समोर होता. काच, दहा आकडे, सहा आणि सात, एक्स-रे, ओवा, आईचा हात, सगळं. बोलत होतो आणि मनात एका कोपऱ्यात असंही वाटत होतं की चांगलं सांगतोय. मधे ती एकदा उठून गॅस बारीक करून आली.

"म्हणजे काकांचा दोष नव्हता," मी शेवटी म्हणालो. "माझा होता. तुला हे कळायला हवं होतं."

"मला?" ती म्हणाली. "अरे, डोळा माझा. एक्स-रे माझ्या हातात. मला काय कळायचं राहिलं होतं?"

"पण तू तर सांगितलंस काच नीट धरली नाही म्हणून..."

"चाळीला सांगितलं. बाबांनी त्याच रात्री विचारलं, त्यांना खरं सांगितलं."

"काकांना माहीत होतं?"

"बाबाच म्हणाले, त्याच्या घरी कळता कामा नये, बाप सोलून काढील पोराला. लोक मला बोलतात ते बोलू देत, मला सवय आहे. मग गप्प बसलो आम्ही. आईलाही नाही सांगितलं."

सेहेचाळीस वर्षं मला वाटत होतं की मी एक गुपित सांभाळतोय. सांभाळत होते ते दोघं. गुपित मी होतो.

"काचेचं मला काही नाही," सुजाता म्हणाली. "दहा वर्षांची असते तर मीही दिली नसती काच. म्हणजे होतेच दहाची. पण नंतर तू यायचा बंद झालास. सहा दारं सोडून राहत होतास. दोन वर्षं. बाबा रविवारी दार उघडं टाकून बसायचे. बाकीची पोरं त्यांच्या आयांनी बंद केली होती, ती येणार नव्हती, हे बाबांना कळत होतं. तू येशील असं त्यांना वाटायचं. अकरा वाजले की म्हणायचे, आज अभ्यास असेल त्याला."

"मला तोंड दाखवायला लाज वाटायची. मी रोज ठरवायचो, मला झोप लागायची नाही, मी..."

"बघ," ती म्हणाली. "आल्यापासून मी, मी चाललंय तुझं. बाबा शेवटी कसे होते, हे विचारलंस एकदा तरी?"

नव्हतं विचारलं. आत्ता नाही आणि तेव्हाही, त्या सतरंजीवर, नाही.

"कसे होते?"

खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. एका डोळ्याला पट्टी. पट्टी निघाली तरी ते एक डोळा हाताने झाकून घरभर फिरायचे. माठाला हात लावून बघायचे, दाराची कडी चाचपायचे. मी म्हटलं, काय करताय? तर म्हणाले, सुजा, तुला असं दिसतं होय गं? मी म्हटलं, नाही बाबा, मला चांगलं दिसतं. तरी करायचे. जाईपर्यंत करत होते."

आत कुकरची शिट्टी झाली. दोघांपैकी कोणी उठलं नाही. बाहेर समुद्र आणि आभाळ एकाच रंगाचे होऊन मधली रेघ पुसली गेली होती, आणि खाली, खूप खाली, त्या खड्ड्यातला क्रेनचा दिवा तेवढा दिसत होता.

तिने आमटी-भात वाढला, सोबत सुकं मटण. मी जेवलो. जेवताना ती हॉस्पिटलातल्या गमती सांगत होती आणि मी हसत होतो. निघताना तो न उघडलेला चष्मा तिच्या हातात दिला. तिने पुठ्ठा उलटसुलट करून बघितला, डोळ्यांना लावला, माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. अर्थात तिला काहीच दिसत नसणार.

मी बूट घालत म्हणालो, "पुढच्या वर्षी आपल्याकडे आहे. नीट बघितलंय मी, खरंच आपल्याकडे आहे. परत दिव्यांच्या अवसेलाच, दुपार कलल्यावर. थोडासाच तुकडा झाकणार आहे आणि ढग असणारच, पण तुमच्या गच्चीवरून दिसलं तर दिसेल. येऊ का मी तेव्हा?"

चष्मा न काढताच ती म्हणाली, "ये की. पण मधलं वर्षभर तुला एवढं काय काम आहे रे?"